कडा कापलेल्या एकशे बारा प्लेट्स

चि. ईशान आणि रेवा,

आजीचं फ्रेंच सैनिकांचं पुस्तक कधी येणार, असं तुम्ही दर रविवारी विचारता. फोनवर मला सांगता येत नाही, म्हणून लिहिते. ते येणार नाही.

तीस वर्षं मी दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच सैन्याचे गणवेश रंगवले. एका शीटवर एक सैनिक. अशा शीटला आम्ही प्लेट म्हणतो. चित्राइतकीच महत्त्वाची असते तिची कडा. कॉलर लालच कशावरून, बटणं पितळेची की कथलाची, हे कोणत्या जुन्या कोटावरून ठरवलं, ते मी तिथे पेन्सिलीने लिहीत असे. ही माहिती असे कोट जपणारे फ्रान्समधले संग्राहक पत्रांनी कळवत. नोंद झाली की पत्र मी रद्दीत टाकी. घरात पसारा मला चालत नाही. ते संग्राहकही आता हयात नाहीत.

मार्चमध्ये पॅरिसच्या प्रकाशकाने मूळ प्लेट्स मागवल्या. शीट्स लहानमोठ्या होत्या. ते मला खपेना. शाहूपुरीतल्या फ्रेमवाल्या बापूंना म्हटलं, "सगळ्यांना पुठ्ठ्याची चौकट लावा. एकसारख्या दिसल्या पाहिजेत."

आठवड्याने मी दुकानात गेले. बापू खुशीत होते.

"बगा वैनी, कसं झ्याक दिसतंय! कडंला पेन्सिलीची गिचमिड हुती, समदी कापून टाकली."

"पट्ट्या कुठायत?"

"बंबात गेल्या की! चार दिवस आंगुळीचं पानी त्येच्यावरच तापलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय चुकलं व्हय?"

मी खाली बसले. बापूंनी दुकानातला कचरा जमिनीवर ओतला. दोघांनी मिळून तो चिवडला. सात पट्ट्या मिळाल्या.

"आनि न्हाईत, वैनी," बापू म्हणाले. त्यांचा आवाज एरवी रस्त्यापलीकडे जातो. तेव्हा मला जेमतेम ऐकू आला.

पॅरिसच्या प्रकाशकाकडच्या संपादकबाईंना व्हिडिओ कॉल करून झालेलं सांगितलं.

"स्कॅन असतील ना?"

"फक्त चित्रांचे. कडा मळक्या दिसायच्या."

"आठवून लिहाल?"

"लिहीन. पण तो अंदाज असेल."

"मग छापता येणार नाही."

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. त्यानंतर मी ब्रश हातात घेतलेला नाही. सकाळी टेबल पुसते आणि उठते.

कारागिराला काय करायचं ते आपण सांगतो. काय करायचं नाही, तेही सांगावं.

सात प्लेट्स नोंदींसह शिल्लक आहेत. उरलेली एकशे पाच नुसती चित्रं आहेत.