दोघींचं बहुमत

बंदराच्या संगणक खात्यात लागले तेव्हा माझ्या अंगात फार वारं होतं. ओळखपत्र पदराला टाचून मी उरणच्या बाजारात मासळी घ्यायलाही जायचे. कोणीतरी विचारावं, बाई, तू काय काम करतेस, एवढीच इच्छा. कोणी विचारलं नाही. एका कोळणीनं फक्त सांगितलं, पिन खुपंल.

काम म्हणजे कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवलाय हे लक्षात ठेवणं. एकच यंत्र ठेवलं आणि ते बसलं, तर सगळं बंदर बसणार. म्हणून तीन यंत्रं, तीन वेगळ्या इमारतींत: एक गेटवर, एक यार्डात, एक धक्क्यावर. तिघांकडे एकाच वहीच्या तीन प्रती. खाऱ्या वाऱ्यानं आमच्याकडे तारा गंजतात. एखादी तुटली तरी उरलेल्यांनी काम चालू ठेवायचं. आणि तार जोडल्यावर तिघांत मतभेद निघाला तर? दोघं सांगतील ते खरं. तिसऱ्याच्या वहीतलं खोडायचं आणि दोघांचं तिथं उतरवायचं. हा नियम माझा. पुस्तकातून अर्धाच उचललेला, पण मिरवायचे अशी की ब्रह्मदेवानं तीन तोंडं ठरवतानाही माझाच सल्ला घेतला असता. त्याला चार असतात हे सुद्धा तेव्हा आठवलं नसतं.

घरीही आम्ही तिघी बहिणी. मी थोरली. धाकटी श्रीवर्धनला दिलेली. मधली आईजवळ राहिली, आमच्या मिठागराच्या कडेच्या घरात. आई वर्षभर आजारी होती. गणपतीत मी गेले तेव्हा मला म्हणाली, माझ्या अस्थी नाशकाला न्या. दिवाळीत धाकटीलाही तेच म्हणाली. माघात आई गेली.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आणल्या आणि गाडी ठरवायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मधली दारात उभी राहून हळूच म्हणाली, "बाय, आय नाशकाला नको म्हणाली. उघाडीत सोडा म्हणाली."

उघाडी म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायची, बांधातली फळ्यांची झडप. आमच्या बाबांच्या अस्थी तिथंच सोडल्या होत्या. त्या वेळी नाशिक आम्हाला विलायतेइतकं लांब होतं.

मी धाकटीला विचारलं, तुला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, नाशिक. मी दोन बोटं वर केली. खरंच केली, आज आठवलं की ती बोटं कापून टाकावीशी वाटतात. "दोघी एक सांगतोय," मी म्हटलं, "तू एकटीच वेगळं सांगतेस."

"मी जवळ होते ना, बाय."

जवळ असण्याचा काय संबंध, असं मी तिला ऐकवलं. बंदरातली बाई बोलत होती, घरातली नव्हे.

नाशिकपर्यंत मडकं मधलीच्या मांडीवर होतं. कसाऱ्याच्या घाटात ती एकदाच पुटपुटली, उघाडीत बाबा हाय. मी म्हटलं, आता पुरे. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं तिला.

पुढच्या पावसाळ्यात एक ट्रक ड्रायव्हर सकाळपासून गेटवर खोळंबला. पडद्यावर त्याच्या कंटेनरची जागा दिसत होती आणि त्या जागी कंटेनर नव्हता. झालं होतं असं: मधे तार तुटलेली असताना क्रेनवाल्यानं तो दुसरीकडे हलवला. यार्डातल्या यंत्रानं लिहून घेतलं, त्याला "झालं" असंही कळवलं. तार जोडली गेली. दोघांच्या वहीत जुनी जागा, एकाच्या वहीत नवी. माझ्या नियमानं नवी खोडली गेली. आता कंटेनर कुठे आहे हे सबंध बंदरात एकट्या कंटेनरला ठाऊक होतं. माणसं चिखलातून रांगा धुंडाळत फिरली, तेव्हा संध्याकाळी सापडला. उपाशी ड्रायव्हरनं मला विचारलं, ताई, चूक माणसाची की मशीनची? मी म्हटलं, मशीनची.

मग सुधारणा केली. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक दिला. घड्याळावर भिस्त नको, कारण तिघांची घड्याळं कधी जुळत नाहीत. आणि निदान दोघांनी लिहून घेतल्याशिवाय कोणाला "झालं" म्हणायचं नाही. हाताखालच्या पोरांना फळ्यावर समजावत होते: किती जण सांगतात ते मोजू नका, शेवटचं कोणाला सांगितलं ते बघा. वाक्य तोंडातून गेलं आणि खडू हातातच राहिला.

मला गणपतीत. धाकटीला दिवाळीत. मधलीला कधी? हे मी विचारलंच नव्हतं. आणि मरणाऱ्या बाईनं दुसरा होकार कुठून आणायचा होता? जवळ एकटी मधलीच तर होती.

त्या रविवारी मी घरी गेले. मधली पडवीत जवळा निवडत बसली होती. मी विचारलं, आय उघाडीचं तुला कधी बोलली गं?

तिनं मान वर केली नाही. "मला कुठं काय बोलली? नाशकालाच न्या म्हणाली. तुम्ही दोघी सांगत होता ना."

मी तिला कसाऱ्याच्या घाटाची आठवण करून दिली. ती म्हणाली, मी चुकीचं ऐकलं असंल, बाय. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. तिच्या वहीत आता आमचंच उतरलेलं होतं, स्वच्छ अक्षरात.

आता धाकटी नाही. मिठागर भरावाखाली गेलं, उघाडी त्याखाली कुठेतरी आहे आणि वर कंटेनरच्या चळती. माझी नात बंगळुरात हेच काम करते. तिला फोनवर मी ट्रकवाल्याची हकिगत सांगितली तर हसली. म्हणाली, आजी, हे तर आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. मी म्हटलं, मलाही शिकवलं होतं.

मधलीला आता बरंच आठवत नाही. मी दर भेटीत तिला सांगते, तूच खरी होतीस, आय तुला उघाडीत सोडा म्हणाली होती. ती माझ्याकडे बघते, तोंडातली कोवळी सुपारी चघळत मान डोलावते.

"तू म्हणतेस तर तसंच असंल, बाय."