भिशीचा झरोका

आमच्या कामतघर वस्तीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळीला भिशी म्हणतात. नवऱ्याच्या माघारी ती मी हाती घेतली, आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद करणार नव्हते.

झालं असं, की पलीकडच्या गल्लीत एका खोलीला आग लागली. कुणी दगावलं नाही, पण आमच्या खोलीमालकाचा धीर सुटला. "शेजारी लूम, इथं सिलिंडरची रांग. पाइपचा गॅस घ्या, न्हायतर खोली सोडा," म्हणाला. पाइप गल्लीच्या तोंडापर्यंत आलाच होता. म्हटलं, शेंडी तुटो वा पारंबी, परवानगी आणतेच.

मालकाची सही घेतली, महापालिकेत हेलपाटे घातले. साहेब जागेवर नसला की बाहेरच्या बाकावर बसून मेथी निवडायची. शिपायाने हटकलं, तर त्यालाच जुडी धरायला दिली. तिथलं काम झालं.

मग गॅसवाल्यांचा तपासनीस आला. त्याने आधी वर बघितलं. झरोका होता, पण पोत्याचा बोळा कोंबून बंद केलेला. आमच्या गल्लीत सगळ्यांचेच असतात, कारण लूम सुरू झाले की कापसाची रुई उडते आणि डाळीवर सायीसारखी बसते. तो म्हणाला, "हा गॅस हवेपेक्षा हलका असतो. गळला तर वर साचणार. वर उघडी जाळी नसेल तर परवानगी नाही."

गल्लीने लगेच अक्कल शिकवली. "शुक्रवार को बुलाओ, भाभी," चहावाला म्हणाला. "लूम बंद, रुई बंद. बोळा निकालो, साहब गया तो वापस ठूंस दो. सब यही करते हैं." माझं डोकंच फिरलं. माझ्याकडे जेवणारी माणसं तेलंगणात बायकापोरं ठेवून आलेली. त्यांना डोक्यावर गॅस साचवून जेवायला बसवू?

रुई येत नव्हती ती फक्त मागच्या बाजूने. पण ती भिंत मागच्या घराची, पिढ्यान् पिढ्या लूम चालवणाऱ्या कोकणी मुसलमान कुटुंबाची होती. पलीकडे त्यांचं अंगण, लूम दुसऱ्या गल्लीत. तिथं झरोका पाडायचा तर त्यांचा ना हरकत दाखला हवा. विचारायला गेले, तर त्यांचा मुलगा दारात आला, आदबीने बोलला. "भाभी, रमजान तोंडावर आलाय. अम्मी रोजे धरते, दिवसभर अंगणातच बसते. तुमच्या फोडणीचा वास तिनं महिनाभर घ्यायचा? दुसरं कायपन सांगा."

माझ्या फोडणीने जेवून उठलेल्या माणसालाही भूक लागते, हे मला ठाऊक होतं. रात्रभर त्याच्यावर चिडले आणि त्याचं बरोबर आहे म्हणून आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी थेट त्याच्या आईकडे गेले. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी काही लपवलं नाही. "चाची, वास येणार. रोज येणार, दुपारी तर फारच. आणि लसूण मी कमी करणार नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "आन् भोक न्हाय पाडलं तर?"

"भिशी बंद."

"मंग ती मानसं जेवतील कुठं?"

"वडापाव खातील. नाहीतर तशीच ड्युटीवर जातील."

ती मुलाला हाक मारून म्हणाली, "कागद आन, सही करते."

"अम्मी, तुझा रोजा..."

"माझाच हाय ना?" ती म्हणाली. "मंग त्यांना कशाला उपाशी ठेवतोस?"