अर्धी हाक

दिव्यानी काय काम करते हे बेलटोल्यावर कुणालाच धड सांगता यायचं नाही. मोहर्लीच्या अलीकडचा, जंगलाला लागून असलेला हा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. इथल्या पोरी शिकल्या की सफारीच्या जिप्सीवर गाईड होतात, नाहीतर एखाद्या रिसॉर्टात लागतात. दिव्यानी मराठी शाळेतून निघून चंद्रपूरला इंजिनीअर झाली आणि घरी परत येऊन पडवीत लॅपटॉप मांडून बसली. कर्नेल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. त्यातला साठवणीचा थर तिच्याकडे होता. वरून कुणी ‘अमुक फोटो दे’ म्हटलं की ती कमांड डिस्कपर्यंत जशीच्या तशी पोचली पाहिजे, एवढं तिचं काम. तिची आई रुखमाबाई शेजारणींना सांगायची, “मशिनीले हाका मारते आमची पोरगी.”

ते काही खोटं नव्हतं.

रस्त्याच्या वळणावर वन्यजीवांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे सगळे फोटो तिथल्या एका मोठ्या संगणकी बॉक्समध्ये जमा व्हायचे. यंदा बॉक्सला नव्या डिस्क आल्या. त्यांना तोकडी कमांड चालत नसे. फोटो कोणता, कोणत्या कॅमेऱ्याचा, मागणारा कोण, परवानगी कुणाची, सगळं एका दमात सांगावं लागे. कर्नेलमध्ये मात्र कमांडला सोळा बाइटचीच, म्हणजे सोळा इंग्रजी अक्षरांएवढीच, जागा होती. म्हणून दिव्यानीनं तजवीज केली, की कमांड कितीही लांब असो, ती वेगळ्या जागी ठेवायची आणि तिचा पत्ता नि लांबी सोबत पाठवायची. सोमवारी बॉक्समधले जुने फोटो पुसायला घेणार होते. पुसण्याची कमांड मध्येच तुटली तर भलताच फोटो जाईल. आणि त्यात तिच्या बापाचा शेवटचा फोटो होता.

तिचे वडील लटारूभाऊ केंद्राचे कॅमेरे बांधायचे. गेल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या खिशात टाकून बदलायला गेले आणि नाल्यापाशी त्यांना वाघानं नेलं. थोडं आधी वाटेवरच्या कॅमेऱ्यानं त्यांना टिपलं होतं. तेही पाठमोरे, रिकाम्या हातांनी चाललेले.

शुक्रवारी दुपारी दिव्यानीनं चाचणी म्हणून पडवीतून बॉक्सकडे पाणवठ्यावरच्या सांबराचा फोटो मागितला. पडद्यावर वाट आली. वाटेवर बाप उभा होता. तोंड कॅमेऱ्याकडे, मान जरा कलती, मागून कुणी बोलावलं की माणूस वळून बघतो तसा. हातात निळी पिशवी.

ती उठली, पाय धुतले, देव्हाऱ्यापुढे हात जोडून परत आली. या वेळी रानगवा मागितला. तीच वाट, तोच बाप. फक्त थोडा अलीकडे आलेला.

तिसऱ्यांदा काही मागायची तिची हिंमत झाली नाही. बॉक्सशी जोडणी तोडली आणि चूक शोधत बसली. चूक सापडलीही. खालचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलची कमांड डिस्कच्या हाती देणारा भाग, अजून जुन्या सवयीनं सोळाच बाइट उचलत होता, पण डिस्कला लांबी मात्र पुरी सांगत होता. मग उरलेला भाग डिस्क तिथे पडून राहिलेल्या आधीच्या कमांडमधून वाचायची. डोकं दिव्यानीच्या मागणीचं, शेपूट दुसऱ्याच कुणाच्या. असल्या सांधलेल्या मागणीला खरं तर ‘असा फोटो नाही’ एवढंच उत्तर यायला हवं होतं.

तिनं केंद्रावर बसणाऱ्या कुलदीपला फोन लावला. “माझ्याआधी बॉक्सवर कोण मागत होतं रे?”

“कोणी नाई ताई. काकू येते तेवढी.”

“कोण, माय?”

“जेवणाच्या टायमाले रोज येते. तुले सांगू नको म्हणे. भाऊचा फोटो लावून दे म्हणते, पाह्यते अन् जाते.”

“कोणता फोटो?”

“एकच तं हाय. पाठमोरा.”

रुखमाबाई अंगणात धान वाळत घालत होती. दिव्यानीनं सगळं सांगितलं. आईचे हात धानातच थांबले.

“तोंड दिसलं?”

“हो.”

“हातात काही होतं?”

“पिशवी. निळी.”

रुखमाबाईनं आत खुंटीकडे पाहिलं. निळी पिशवी तिथेच होती. लटारूभाऊ त्या दिवशी विसरून गेलेला डबा तिनं त्यातून काढून घासला, पिशवी मात्र तेव्हापासून तशीच टांगलेली.

मोहाची फुलं वेचायला गेलं की टोल्यावरच्या बायका एकमेकींना हाक मारतात ती नाव, घर आणि टोला जोडून. पुरी हाक ऐकल्याशिवाय कुणी ओ देत नाही. अर्धी हाक दिली तर ओ कोण देईल याचा नेम नसतो. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून रुखमाबाईची हाक जन्मभर ‘अवो’ एवढीच. लटारूभाऊ हसायचे, “माह्या बायकोले एखांद्या दिशी वाघच ओ देईन.”

“डबा राह्यला होता,” ती म्हणाली. “दारातून ‘अवो’ म्हटलं. वळलेच नाई.” धानावर पुन्हा हात फिरवत म्हणाली, “आता वळून राह्यले म्हणतं तू?”

“माय, ड्रायव्हर नीट केला की तो फोटो यायचा नाही. तोंड दिसणार नाही पुन्हा.”

“अन् नाई केला तं?”

“तर सोमवारी कोणता पुसला जाईल, सांगता येत नाही. आपलाही जाईल.”

“अन् तू मागशीन तवा हे अजून अलीकडं येईन.”

दिव्यानीनं पडवीतल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

“कर हाक पुरी,” रुखमाबाई म्हणाली. “जे अर्ध्या हाकेले येते, ते आपलं नसते बाई.”

दिव्यानीनं ड्रायव्हर दुरुस्त केला. जेवढी लांबी सांगितली तेवढी कमांड आता अखंड जाणार होती. सूर्य बुडायच्या आत आई पडवीत शेजारी येऊन बसली. दिव्यानीनं बापाच्या फोटोची मागणी लिहिली आणि बोट बटणावर नेलं.

“थांब,” रुखमाबाई म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जंगलाकडे तोंड करून उभ्या जन्मात पहिल्यांदा नाव घेतलं. “लटारू. गोविंदाचा. बेलटोल्याचा.”

दिव्यानीनं बटण दाबलं. वाट आली. बाप पाठमोरा, हात रिकामे, नाल्याकडे निघालेला. दोघी बघत राहिल्या. तो वळला नाही. मग तिनं सांबर मागितलं, सांबर आलं. गवा मागितला, गवा आला. तिनं दुरुस्तीचा पॅच केंद्रावर पाठवून दिला.

रुखमाबाईनं खुंटीवरची पिशवी काढली आणि उजेडात धरली. बुडाला नाल्याकाठच्या गवताची कुसळं चिकटली होती. ओली, हिरवीगार. दिव्यानीलाही ती दिसली.

रुखमाबाईनं एकेक कुसळ वेचून पदरात घेतलं आणि शिवेवरच्या वाघोबा देवापुढे ठेवायला निघाली. जाताना तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.