समोरच्याची बाजू

सत्तरच्या दशकातली चिंचवडची ती दुपार मला अजून धुक्यातून दिसावी तशी दिसते. आमच्या कंपनीने गंजका म्हणून नाकारलेल्या मालावर एका लहान कारखानदाराचे सारे अवलंबून होते. लवाद म्हणून आलेले वृद्ध वकील प्रत्येकाला आधी समोरच्याची बाजू मांडायला लावत. मी कंपनीचा तपासनीस, बोलण्याच्या तंद्रीत म्हणून गेलो, “माल चांगलाच आला होता, आमच्या आवारात भिजला.”

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. “अहो, हे तर त्यांच्या अर्जातही नाही. तुम्हाला कसं ठाऊक?”

“कल्पना केली, साहेब.”

“कल्पनेवर मला निवाडा देता येत नाही,” ते म्हणाले, आणि लेखणी उचलण्यापूर्वी बराच वेळ थांबले. ते माझ्यासाठीच थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होते.