चष्मेवाल्यांची झिजलेली चकती

बावीस वर्षं दर रविवारी सकाळी चष्मेवाले बागेमागच्या मैदानावर चकत्या फेकायला जातात. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. काठी नाही, चेंडू नाही; ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकत फेकत खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. हे सांगायला आपल्याला दोन ओळी लागल्या. चष्मेवाल्यांना अर्धा तास लागतो, आणि तोही गिऱ्हाइकाची हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रावर टेकवलेली असताना. पळणार कुठे बिचारं?

चकत्या त्यांच्याकडे अठरा, पण जीव एकीतच. लाल, उंदराने कुरतडल्यासारख्या कडांची, चौदा वर्षं झाडांवर आपटून मऊ पडलेली. नवी चकती त्यांच्या हातून हटकून डावीकडे जाते, झिजलेली अलगद उजवीकडे वळते. आणि सातव्या टोपलीच्या वाटेवर दोन झाडं अशी खेटून उभी, की त्या फटीतून निघून पुढे उजवीकडे वळेल अशी चकती ती एकटीच. तिच्या जिवावर ते दर रविवारी औषधवाल्याला हरवायचे आणि सोमवारी त्याच्याच दुकानात खोकल्याची गोळी मागायला जायचे. खोकला नसायचाच.

साठाव्या वाढदिवसाला बायकोने प्रेमाने चकती आणली. तीच कंपनी, तोच रंग, तेच वजन, पण कोरी करकरीत. आणि जुनी देऊन टाकली शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना, कुंडीखाली ठेवायला.

“अगं, देऊन टाकलीस?”

“अहो, बघवत नव्हतं तिच्याकडे. ही तश्शीच आहे. छाप बघा.”

“छाप काय चाटायचाय? ती उजवीकडे वळायची!”

“मग हिलाही सांगा वळायला. मला बरं सगळं सांगता येतं.”

चष्मेवाले घरातल्या चपलांवरच शेजारी धावले. बाईंनी तापल्या सळईने चकतीला तीन भोकं पाडली होती.

“पाणी साचत होतं हो,” बाई म्हणाल्या.

“पाणी साचावं म्हणूनच ताटली ठेवतात ना, बाई?”

“म्हणून तर तिच्याखाली दुसरी ठेवलीय.”

भोकं पडलेली चकती खेळात चालत नाही. ते हात हलवत परत आले.

रविवारी नवी चकती सातव्या टोपलीच्या वाटेवर तीनदा डावीकडच्याच झाडावर आदळली. औषधवाला आयुष्यात पहिल्यांदा जिंकला आणि आवाजात साखर घोळून म्हणाला, “एकदा नंबर काढून घ्या तुम्ही. ओळखीचा आहे का कुणी चष्मेवाला?”

त्यानंतर घरात आठवडाभर भांडीसुद्धा जपून वाजत होती. शेवटी बायकोच वैतागली. “झिजवायची म्हणजे करायचं काय असतं?”

“झाडांवर आपटायची. वर्षं जातात त्यात.”

“आणा इकडे.”

बावीस वर्षांत चष्मेवाल्यांच्या बाईसाहेब पहिल्यांदा मैदानावर आल्या. नेम टोपलीवर धरायच्या, लागायचा झाडाला. जिथे सगळ्या पट्ट्यात मिळून एकच झाड होतं, तिथे त्यालाच. चष्मेवाले कपाळ बडवून घेत. “अगं, मनगट बघ, मनगट!”

“मनगट जागेवर आहे. तुम्ही तोंड आवरा.”

दोन महिने रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की हा तमाशा. चकतीच्या कडा फाटल्या, छाप उडाला, प्लास्टिक मऊ पडलं. आणि एका शनिवारी बाईसाहेबांच्या हातून ती सातव्या टोपलीच्या वाटेवरच्या फटीतून सुळ्ळकन निघाली, उजवीकडे वळली आणि टोपलीपासून चार पावलांवर जाऊन पडली.

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी धावत जाऊन चकती उचलायला हात घातला, तर बाईसाहेब आधीच तिथे.

“दे.”

“का म्हणून?”

“अगं, उद्या रविवार! औषधवाला येईल.”

“येऊ दे की. मी येतेच आहे. तुम्ही तुमच्या सतरांतली घ्या एखादी. ही आता माझ्या हाताला बसलीय.”

“पण वाढदिवसाला मला दिली होतीस ना ही?”

“दिली होती,” बाईसाहेब म्हणाल्या आणि चकती बगलेत मारून आठव्या टोपलीकडे चालू लागल्या. “तुम्हीच नको म्हणालात.”