कराचीहून आलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती गेली. आता तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

शहाद्याच्या कचेरीत मी कारकून होतो. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. जुने खजिनदार पेन्शनीत निघाले होते, आणि तालुक्याच्या खजिन्यावर आपल्या सरकारचा पहिला माणूस नेमायचा होता. पहिला! त्या शब्दाची तेव्हा काय नशा होती, आज कसं सांगू?

ती जागा युसूफभाईंची होती. यात कुणालाच शंका नव्हती — मलाही नव्हती. खजिन्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खोटा रुपया कानानं कसा ओळखायचा, लाखेचं सील कसं उमटवायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. माझी आई तापानं फणफणली तेव्हा सारंगखेड्याहून वैद्य आणला तोही त्यांनीच.

त्याच दिवसांत त्यांच्या मेहुण्याचं कराचीहून पत्र आलं — निघून या, इथे नोकरी आहे. युसूफभाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि हसले. "मन्हा बाप आठे गाडेल शे, भाऊ. मी कोठे जासू?" माझ्यासमोरच उत्तर लिहिलं — बापाची कबर इथे आहे, येणार नाही. पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. मीच टाकलं ते.

मग धुळ्याहून साहेब आले. समोर नेमणुकीचा कागद. त्यावर दोन नावं — वर युसूफभाईंचं, खाली माझं. मला एकट्याला आत बोलावलं.

"हे तिकडे जाणाऱ्यांपैकी तर नाहीत ना? तुमचा घरोबा आहे म्हणतात."

नाही — एवढा एक शब्द पुरे होता. तो मला सुचला नाही का? सुचला. पण नजर त्या कागदावर गेली, खालच्या नावावर, आणि... मी म्हणालो, "साहेब, त्यांना कराचीहून पत्रं येतात."

एकच पत्र आलं होतं. मी 'पत्रं' म्हणालो.

साहेबांनी वरच्या नावावर रेघ ओढली.

हुकूम निघाला तेव्हा सगळ्यांआधी युसूफभाईंनीच माझा हात धरला. "चांगलं जयं. खजिना घरना माणूसना हातमा ऱ्हायना."

माझं वाक्य मात्र कचेरीबाहेर पडलं. कुणाचं ते कुणालाच कळलं नाही. नुसतं वाक्य फिरत राहिलं. चहाच्या दुकानात लोक त्यांच्या शेजारून उठायला लागले. पोलीस घराची झडती घेऊन गेले. मग अक्राणीच्या डोंगरात त्यांची बदली झाली. तिथल्या हिवतापानं पोखरलेले, नोकरी सोडून ते परतले आणि अंथरुणाला खिळले.

मी रोज जायचो भेटायला. एकदा त्यांनी विचारलं, "भाऊ, कोनी सांगं व्हई रे?"

ते माझ्याकडेच बघत होते. संशयानं नाही — मी काहीतरी शोधून काढीन, या भरवशानं.

मी म्हणालो, "कोन जाने, भाई."

ते त्याच महिन्यात गेले. मयतीला गर्दी फार नव्हती. त्यांचा सगळ्यांत जवळचा दोस्त म्हणून लोकांनी मला पुढे जागा करून दिली.

मी खांदा दिला.