समुद्राची रंगीत तालीम

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि आम्ही गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात राहायचो. शाळेला सुट्या लागल्या की आमचं फिरणं म्हणजे सौंदडला आत्याकडे, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. त्यामुळे मी सातवीत असताना, ऐन मे महिन्यात, बाबांनी जेवता जेवता सांगितलं, "यंदा आपण विशाखापट्टणमला जायचं," तेव्हा आईने विचारलं, "तिथं कोणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही. फिरायला."

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातेत. तुमी आमाले उन्हातून उन्हात नेऊन राहिले."

बाबांनी याचा आधीच विचार केला होता. पेपरात रोज शहरांचं तापमान यायचं, ते त्यांनी आठवडाभर पाहिलं होतं. "तिथला पारा आपल्यापेक्षा सात-आठ अंशांनी खाली असतो," ते म्हणाले. "आपल्यासाठी तेच महाबळेश्वर."

खरं कारण वेगळं होतं. आमच्या विहारात आलेल्या एका भन्तेजींनी प्रवचनात सांगितलं होतं की विशाखापट्टणमजवळ, अगदी समुद्रावरच्या डोंगरावर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. त्या दिवसापासून तो डोंगर बाबांच्या डोक्यातून उतरत नव्हता.

"अवशेष म्हणजे?" आईने विचारलं.

"पाया आहे. थोड्या थोड्या भिंती आहेत."

"म्हणजे पडकं." आईने बाबांना भात वाढला. "पडकं पाहाले एवढ्या दूर कायले जाचं? पण तिथं समुद्र आहे म्हणता?"

"आहे ना."

"मंग चला."

आईने समुद्र पाहिला नव्हता. बाबांनी नाही, मी तर नाहीच. आमच्या नात्यात समुद्र पाहिलेला माणूस एकच, आईचा मोठा भाऊ. मामा सडक अर्जुनीला राहायचे आणि ट्रक चालवायचे. इकडच्या राइस मिलमधला तांदूळ घेऊन ते विशाखापट्टणमच्या बंदरापर्यंत जायचे. प्रत्येक लग्नात, जेवणं उरकली की लोक मामांना मधे बसवून समुद्र ऐकायचे. लाटा घराएवढ्या असतात, पाणी जिभेला चावतं, पलीकडचा काठ दुर्बिणीतूनही दिसत नाही. बाबांनी ठरवलं की मामा-मामींनाही सोबत घ्यायचं. जाणकार माणूस बरोबर असलेला बरा.

पुढच्याच रविवारी मामा मामींना घेऊन मोटरसायकलवर आले. मामींच्या मांडीवर ट्रकची ताडपत्री बांधायच्या रस्स्याचं भलंमोठं वेटोळं होतं.

"हे कशाला, दादा?" बाबांनी विचारलं.

"गुरुजी, समुद्र वढते," मामा म्हणाले. "सगळ्याईनं याले धरून उतराचं. आन त्याले पाठ दाखवाची नाही. पाठीत मारते तो."

शाळेत कुणाला बोलू न देणारे बाबा खुर्चीत सरळ बसून ऐकत होते. आईने विचारलं, साडी चालेल का. मामांनी मान हलवली. साडी पहिल्याच लाटेत जाते. मग आईने, जन्मात कधी पंजाबी ड्रेस घातला नव्हता, तो शिवायला टाकला. शिवून आल्यावर दार लावून, घरातल्या घरात घालून पाहिला आणि मला म्हणाली, "कोणाले सांगजो नको."

पण सांगायची वेळच आली नाही. जायच्या आदल्या रविवारी मामांनी आमची तालीम घेतली. अंगणात संध्याकाळी आम्हा तिघांना रस्सा धरून ओळीने उभं केलं. आई ड्रेसवर टॉवेल गुंडाळून आली. मामांसमोर दोन भरलेल्या बादल्या होत्या.

"तिरपे उभे राहा, गुरुजी. गुडघे वाकवा. आता लाट येऊन राहिली."

लाट आली. बाबांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. ते "बरं जमलं" म्हणून सरळ होतात न होतात, तोच दुसरी बादली त्यांच्या पोटावर बसली.

"सांगायचं तरी," बाबा म्हणाले.

"समुद्र का सांगून येते?"

भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. त्यांच्या घरी हिंदी चालायची. "भाभी, पानी की इतनी किल्लत में ये क्या चल रहा है?"

आईने टॉवेल सारखा केला. बाबांनी चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "हम लोग विशाखापट्टणम जा रहे हैं।"

काकूंनी बादल्यांकडे पाहिलं. "क्यों, वहाँ नहाने का इंतज़ाम नहीं है क्या?"

त्या रात्री आई आणि मामी स्वयंपाकघरात प्रवासासाठी चिवडा करत होत्या. मी शेंगदाणे सोलत होते. मामी फार कमी बोलायच्या. कढईतले पोहे हलवता हलवता त्या म्हणाल्या, "बाई, हे दरखेपी समुद्र पाहून आलो म्हणतेत. पण ह्यायच्या चपलेतून कधी वाळू नाही निघाली."

आईचा हात थांबला. "दादाले विचारलं नाही काय?"

"कायले विचारू? सांगतेत तवा चांगले दिसतेत."

आईने माझ्याकडे पाहिलं. "बाबापाशी बोलजो नको," एवढंच म्हणाली. आणि गंमत म्हणजे, त्यानंतर ती मामांना पूर्वीपेक्षा जास्त विचारू लागली. दादा, समुद्राचा रंग कसा असते? दादा, तिथं सावली भेटते काय? मामा पंख्याकडे पाहून विचार करायचे आणि म्हणायचे, "येळेवर हाय." आई मान डोलवायची.

गोंदियाहून सरळ रेल्वे होती. मामांनी त्या रस्त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं, पण दुसऱ्याच्या भरवशावर बसून कधी गेले नव्हते. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय समोरच्या बर्थखाली ब्रेक शोधायचा. तिथे बाबांचे बूट होते. सकाळपर्यंत ते पार चेपून गेले.

संध्याकाळी आम्ही ऑटोने किनाऱ्यावर गेलो. मामा सगळ्यांच्या पुढे होते. वाळूत उतरायच्या पायऱ्या आल्या आणि ते पहिल्याच पायरीवर थांबले. आम्ही मागे थांबलो. समोर सगळं पाणी होतं. मी इतकं काही एकदम कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी काखेतला रस्सा सावरला.

"सांगा दादा, कुठून उतरायचं?"

मामा पायरीवर खाली बसले. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, मी बी पह्यल्यांदाच पाहून राहिलो."

बाबांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"गाडी गोदीच्या फाटकापाशी लायनीत लागते," मामा समुद्राकडे पाहतच म्हणाले. "माल उतरला का वापस. गाडी सोडून जाता येत नाही. वास येते, जहाजाचा भोंगा आयकू येते. मले वाटे, आता पाहिल्यासारखंच हाय."

बाबांनी काखेतल्या रस्स्याकडे पाहिलं. "आणि ती पाठ न दाखवायची गोष्ट?"

"ते ढाब्यावर एका ड्रायवरनं सांगतलं होतं."

"मग बरोबर असेल," बाबा म्हणाले आणि त्यांनी रस्स्याचं वेटोळं सोडायला घेतलं.

आजूबाजूला पोरं लाटांत लोळत होती, म्हाताऱ्या बाया निवांत पाय भिजवत होत्या. त्यांच्यामधून आम्ही पाच जण, एकच रस्सा धरून, तिरपे, गुडघे वाकवून खेकड्यांसारखे पाण्यात शिरलो. लाट आली ती घोट्यापर्यंत. लोक पाहत होते. सगळ्यांत आधी मामींनी रस्सा सोडला, मग आईने. आई सरळ समुद्राला पाठ दाखवून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, काहीतरी सांगायला, आणि मागून आलेल्या लाटेने तिला अलगद खाली बसवलं. ती तिथेच बसून राहिली आणि इतकी हसली की मामाही हसायला लागले. अंधार पडेपर्यंत तिला पाण्यातून काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा डोंगर. वर खरंच पाया आणि थोड्या थोड्या भिंतीच होत्या, आणि खाली दूरवर समुद्र. आईने भिक्खूंच्या खोल्या पाहिल्या आणि एकीत जाऊन उभी राहिली. "आपल्या मधल्या खोलीपेक्षा हवा चांगली आहे," म्हणाली. बाबा तयारीनिशी बोलू लागले. इथे पाण्याची टाकी, इथे स्तूप, आणि खाली जहाजं लागायची, व्यापारी दान द्यायचे, त्यावर विहार चालायचे.

"म्हणजे मालाची ने-आण होती इथं," मामा म्हणाले.

"होती की. दूरदूरच्या देशांशी."

मामा एका दगडावर बसले. "मंग सांगा, गुरुजी. माल उतरून जहाज खाली व्हाले किती येळ लागे? खलाशी लोक इथवर चढून येत काय?"

बाबांना असला प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. ते मामांच्या शेजारी जाऊन बसले आणि दोघं मिळून अंदाज बांधू लागले. मामी भिंतीच्या सावलीत पदर तोंडावर घेऊन झोपल्या होत्या. वारा सुटला होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून बाबांनी आवाज खाली आणला, तसे मामा आणखी जवळ सरकले.